शाळेतले टॅब, टीव्ही आणि पालकांचा ग्रुप: धोके ओळखून कारभार कसा बसवायचा

संगणक खोलीला कुलूप असते, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते. पण पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलांची नावे, आईचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि बँक खाते असलेली एक्सेल फाइल ‘यादी तातडीने पाठवा’ या एका मेसेजवर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर गेलेली असते. चोरीला गेलेला संगणक पुन्हा घेता येतो. ती फाइल चाळीस जणांच्या फोनमधून परत आणता येत नाही.

हा लेख जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी आणि तंत्रस्नेही शिक्षकांसाठी आहे. वेगळा कर्मचारी किंवा महागडे सॉफ्टवेअर इथे गृहीत धरलेले नाही. उन्हाळी सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात हात घातला, तर शाळा उघडेपर्यंत बरेचसे काम उरकते.

आधी मोजदाद

एक शंभरपानी वही घ्या. जडवस्तू नोंदवहीत टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर असतातच. पण त्या टीव्हीत कोणाचे जीमेल लॉगिन आहे, हे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून या वहीत दोन याद्या करायच्या.

पहिली यादी वस्तूंची: वस्तू, अनुक्रमांक, सिम असेल तर आयएमईआय (उपकरणाचा ओळख क्रमांक), कोणत्या खोलीत, कोणाच्या ताब्यात. सुट्टीत शाळा फोडून टॅब गेले तर पोलिसांत फिर्याद देताना अनुक्रमांक लागतो, आणि सिमचा टॅब असेल तर संचार साथी संकेतस्थळावरून आयएमईआय बंद करता येतो. खोक्यावरचे लेबल आजच वाचून ठेवा, खोके पावसाळ्यात कुजते.

दुसरी यादी खात्यांची: यूडायस प्लस आणि सरल (शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी संकेतस्थळे), शालार्थ (शिक्षकांच्या पगाराचे), शाळेचा ईमेल, यूट्यूब वाहिनी, फेसबुक पान, बँकेचे नेट बँकिंग, सीसीटीव्हीचे अॅप. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, पासवर्ड विसरला तर तो परत मिळवण्याचा ईमेल कोणाचा आहे, आणि लॉगिन आज कोणाकोणाला माहीत आहे. पासवर्ड या वहीत लिहायचा नाही.

ही दुसरी यादी भरताना बहुतेक शाळांत एकच गोष्ट बाहेर येते. ओटीपी दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या मुख्याध्यापकांच्या फोनवर जात असतो आणि शाळेचा ईमेल एखाद्या शिक्षकाच्या खासगी खात्याला जोडलेला असतो. कोणाची नियत वाईट असते असे नाही. कार्यभार देताना किल्ल्या आणि दप्तर मोजले जाते, खाती मोजली जात नाहीत. यापुढे कार्यभार यादीत खात्यांचे पान जोडा आणि दोघांच्या सह्या घ्या. त्याच बैठकीत समोरासमोर मोबाइल क्रमांक बदला, पासवर्ड बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय दाबा. शेवटचा टप्पा राहिला तर जुन्या फोनवरचे लॉगिन चालूच राहू शकते.

शाळेच्या नावाने एक साधे सिम घेऊन ते फक्त ओटीपीसाठी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फोन शाळेत, कपाटात. रिचार्जची तारीख वहीत लिहा. सिम बंद पडले की सगळी खाती अडतात.

पासवर्ड आणि सायबर कॅफे

शाळेचा यूडायस क्रमांक ११ अंकी असतो आणि तो कोणालाही शोधता येतो. तरीही तोच क्रमांक पासवर्ड म्हणून सर्रास वापरला जातो. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, मध्ये दोन अंक घाला. लक्षातही राहतो, ओळखताही येत नाही. शालार्थ आणि बँकेचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नका. पासवर्ड कागदावर लिहायचा असेल तर तो कागद लिफाफ्यात, सही करून, तिजोरीत. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी पाचवीतला मुलगाही वाचतो.

माहिती भरण्याचे काम गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे द्यावेच लागले, तर शिक्षकाने शेजारी बसून स्वतः लॉगिन करायचे, ब्राउझरने विचारलेले ‘पासवर्ड जतन करू का?’ नाकारायचे, आणि उठताना डाउनलोड फोल्डर रिकामे करून रीसायकल बिनही रिकामी करायची. मुलांचे आधारचे फोटो तिथल्या डेस्कटॉपवर महिनोन्महिने पडून असतात.

ओटीपीच्या बाबतीत एकच नियम पाळा: फोनवर कोणालाही सांगायचा नाही, समोरचा ‘जिल्हा कार्यालयातून बोलतोय’ म्हणाला तरी. आणि शिष्यवृत्ती, निकाल, चलन, लग्नपत्रिका अशा कोणत्याही नावाने व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही. ती कागदपत्र नसते, अॅप असते; एकदा बसले की फोनवरचे एसएमएस वाचते आणि ओटीपी परस्पर पुढे जातात.

याद्या कशा पाठवायच्या

वरिष्ठ कार्यालयाला माहिती द्यावीच लागते. प्रश्न किती द्यायची आणि कशी, एवढाच आहे.

मागितलेल्या रकान्यांपुरतीच नवी फाइल करा. मूळ यादी जशीच्या तशी पाठवू नका. आधारचा पूर्ण क्रमांक मागितलेला नसेल तर शेवटचे चारच अंक ठेवा. एक्सेलमध्ये रकाना लपवला म्हणजे पुसला असे होत नाही, समोरच्याला तो एका क्लिकमध्ये उघडता येतो. म्हणून तो काढूनच टाका. फाइलला पासवर्ड लावा, फाइल ईमेलने पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. ग्रुपवर यादी मागितली गेली तर ‘आपल्या ईमेलवर पाठवली आहे’ एवढेच ग्रुपवर लिहा. दोन-तीन शाळांनी हे नेटाने केले की केंद्रप्रमुखही तसेच मागू लागतात.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. तो १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. मुलांविषयीच्या तरतुदी मोडल्या तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शाळेने आतापासून एवढे करावे: कोणतेही खासगी शिक्षण अॅप मुलांच्या नावाने सुरू करण्याआधी ते अॅप काय मागते हे पाहावे, आणि वर्गाच्या अभ्यासासाठी फोनमधले संपर्क, मायक्रोफोन किंवा ठिकाण मागणारे अॅप सरळ नाकारावे. फुकट मिळते म्हणून घेतलेल्या अॅपची किंमत बऱ्याचदा मुलांच्या माहितीतून वसूल होते.

मुलांचे फोटो

स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, पोषण आहार, भेट देणारे पाहुणे: शाळेत रोज फोटो निघतात. प्रवेशाच्या वेळी एका पानाचे संमतिपत्र घ्या आणि त्यात तीन स्वतंत्र चौकटी ठेवा: शाळेच्या फलकावर, पालकांच्या ग्रुपवर, सर्वांना दिसणाऱ्या फेसबुक-यूट्यूबवर. पालकाला पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही म्हणता आले पाहिजे. ‘सर्व प्रकारच्या प्रसिद्धीस संमती’ असे एकच वाक्य लिहून सही घेणे म्हणजे न विचारण्यासारखेच आहे.

सार्वजनिक पानावर टाकताना फोटोखाली पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव एकत्र लिहू नका. ‘तालुकास्तरावर धावण्यात प्रथम: इयत्ता सातवीची विद्यार्थिनी’ एवढे पुरे. कॅमेऱ्यातले ‘लोकेशन’ बंद ठेवा. एका मुलीचा चेहरा स्पष्ट दिसणाऱ्या जवळच्या फोटोपेक्षा समूहाचा, थोडा लांबून घेतलेला फोटो निवडा, कारण चेहरा बदलून अश्लील चित्र बनवणाऱ्या साधनांना असाच स्पष्ट, समोरून काढलेला चेहरा लागतो. कपडे बदलण्याच्या जागेत, पोहताना, आजारी किंवा रडणाऱ्या मुलाचा फोटो काढायचाच नाही. मोफत गणवेश किंवा सायकल स्वीकारतानाचा फोटो देणगीदाराला हवा असतो. पण त्या मुलाला तो पुढे दहा वर्षे नेटवर सापडत राहतो. वस्तूंचा आणि शिक्षकांचा फोटो द्या.

शिक्षकांच्या खासगी फोनमध्ये मुलांचे फोटो साठू देऊ नका. शाळेच्या खात्यात चढवले की त्याच आठवड्यात फोनमधून आणि फोनच्या कचरापेटीतूनही काढा.

पालकांचा ग्रुप

ग्रुप शाळेच्या क्रमांकावरून करा आणि किमान दोन शिक्षक अॅडमिन ठेवा. सेटिंगमध्ये ‘फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात’ आणि ‘नवीन सदस्यांना अॅडमिनची मंजुरी’ हे दोन पर्याय चालू करा. सामान्य ग्रुपमध्ये प्रत्येकाचा क्रमांक सगळ्यांना दिसतो, आणि आयांच्या क्रमांकांवर रात्री-अपरात्री अनोळखी मेसेज सुरू होण्याचे मूळ तिथे असते. व्हॉट्सअॅप कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्ये सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून मोठ्या शाळेने तोच वापरावा. वर्षाअखेर शाळा सोडून गेलेल्यांना काढा.

गैरहजेरी, गुण, फी बाकी, आजार यांतले काहीही ग्रुपवर नावानिशी टाकायचे नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात एकट्याने खासगी चॅट नको. अभ्यासाचा ग्रुप असेल तर त्यात दोन प्रौढ असावेत आणि रात्री आठनंतर उत्तर द्यायचे नाही असे ठरवावे. यात शिक्षकाचेही संरक्षण आहे.

वर्गातला टीव्ही, टॅब आणि वायफाय

टीव्हीवर फोन जोडून दाखवायची सोय उपयोगी, पण फोनवर येणारा प्रत्येक मेसेज तीस मुलांसमोर झळकतो. जोडण्याआधी ‘व्यत्यय आणू नका’ चालू करा. शक्य असेल तर फोन जोडूच नका: व्हिडिओ आधी पूर्ण पाहा आणि पेनड्राइव्हवरून किंवा शाळेच्या खात्याच्या प्लेलिस्टमधून दाखवा. यूट्यूबचा ‘प्रतिबंधित मोड’ चालू, आपोआप पुढचा व्हिडिओ लागणे बंद. तुमचे खासगी खाते टीव्हीत ठेवू नका. तुम्ही रात्री घरी जे पाहिले त्यावरून सकाळी वर्गात सूचना दिसतात.

वायफाय राउटरमध्ये तीन बदल करा. एक, राउटरच्या मागे छापलेला मूळ पासवर्ड बदला. दोन, डीएनएसच्या (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ घाला, ही क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा आहे, ती बहुतांश अश्लील आणि घातक संकेतस्थळे उघडू देत नाही. तीन, मुलांच्या टॅबसाठी आणि कार्यालयासाठी वेगळे वायफाय नाव ठेवा. मग मुलांच्याच टॅबवरून तपासणी करा. कोणी व्हीपीएन टाकले किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की ही गाळणी चालत नाही, म्हणून टॅबवर नवीन अॅप टाकण्याचा अधिकार पासवर्डखाली बंद ठेवावा लागतो. गाळणी बसवली म्हणून शिक्षकाने वर्गातून फिरणे थांबवू नये. मागून चालत स्क्रीनवर नजर टाकण्याची जागा कोणतेही सॉफ्टवेअर घेत नाही. संगणक स्क्रीन भिंतीकडे येईल असे लावले असतील तर मुले आपल्याकडे तोंड करून बसतात आणि स्क्रीन दिसतच नाही. टेबले फिरवा, पैसे लागत नाहीत.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. प्रयोगशाळेत तशी यंत्रे असतील आणि विंडोज ११ चालत नसेल तर त्यावर बँक, शालार्थ यांचे काम करू नका. सरावासाठी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून वापरा. पेनड्राइव्ह लावल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर त्यावर टिचकी मारू नका, आधी अँटिव्हायरसने तपासा. निकालपत्रके दर शुक्रवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा. जोडूनच ठेवली तर फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस तिलाही धरतो. सत्रातून एकदा त्या डिस्कवरून एखादी फाइल उघडून पाहा.

स्क्रीनच्या वेळेबद्दल एक आधार आहे. २०२० मध्ये केंद्रीय शिक्षण (तेव्हाच्या मनुष्यबळ विकास) मंत्रालयाच्या प्रज्ञाता मार्गदर्शिकेने पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटे, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीला चार सत्रे सुचवली होती. ती ऑनलाइन वर्गांसाठी होती, पण शाळेतल्या टीव्हीलाही मर्यादा ठरवताना कामी येते.

वीज आणि बॅटरी

हा भाग सगळे विसरतात. चाळीस टॅब एकाच वेळी चार्ज केले तर, दर टॅब १० ते १५ वॅट धरून, ४०० ते ६०० वॅट लागतात. ६ अँपिअरच्या एका सॉकेटला हा भार झेपतो, पण त्याच सॉकेटवर एकाला एक असे तीन एक्स्टेंशन बोर्ड जोडले की सैल जोडाशी प्लास्टिक वितळते. दोन वेगळे सॉकेट वापरा आणि बोर्ड थेट भिंतीत लावा. विजेच्या फलकावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग हवे. आरसीसीबीची चाचणी कळ महिन्यातून एकदा दाबा. टॅब दिवसा, कोणी हजर असतानाच चार्ज करा.

उन्हाळी सुट्टीत टॅब शून्यावरही ठेवू नका, शंभरावरही नको. साधारण अर्ध्या चार्जवर, थंड खोलीत. पत्र्याच्या खोलीत, विदर्भाच्या मे महिन्यात बॅटरी फुगते. टॅबचे मागचे झाकण उचललेले किंवा स्क्रीन कडेने वर आलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, उघडू नका. कोरड्या वाळूच्या बादलीत, इमारतीबाहेर, सावलीत ठेवा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. भंगारवाल्याकडे नाही.

सीसीटीव्ही

बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि समित्यांबाबत कडक आदेश काढले. कॅमेरे लागले, पण डिस्कचा हिशेब राहिला. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सुमारे २ एमबीपीएसने दिवसाला २१-२२ जीबी लिहितो. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला १७० जीबीच्या वर होतात, म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये सहा दिवसही मावत नाहीत. मुले झालेल्या त्रासाबद्दल अनेकदा दोन-तीन आठवड्यांनी बोलतात. तीस दिवस हवे असतील तर ६ टीबीची डिस्क लागते. डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ दर सोमवारी मोबाइलशी जुळवा, कारण वेळ चुकीची असेल तर पुरावा कमजोर होतो. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला; बसवून देणाऱ्याच्या फोनमध्ये तुमच्या शाळेचे चित्रण अजून दिसत असते. कॅमेरा स्वच्छतागृहाच्या वाटेवर असावा, आत कधीही नाही.

प्रसंग घडला तर पहिला तास

आठवीतली मुलगी मधल्या सुट्टीत बाईंजवळ येते. कोणीतरी तिच्या चेहऱ्याचे अश्लील चित्र बनवले आहे आणि ते फिरते आहे. इथे शाळा चुकते ती बहुधा घाईने आणि बदनामीच्या भीतीने.

मुलीला एकांतात, तिला हवी ती शिक्षिका सोबत ठेवून बसवा. पहिले वाक्य: ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, तुझी यात चूक नाही.’ ‘फोटो टाकलासच कशाला’ हा प्रश्न कोणीही विचारायचा नाही. तिचा फोन हिसकावू नका. पुन्हा पुन्हा सगळे सांगायला लावू नका. एकदाच, तिच्या शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून घ्या.

चित्र स्वतःच्या फोनवर मागवू नका, ‘पुरावा म्हणून’ ग्रुपवर टाकू नका, प्रिंट काढू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली मुलांचे असे चित्र पाठवणे आणि साठवणेही गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लिहून ठेवायचे ते असे: कोणत्या अॅपवर, खात्याचे नेमके नाव, प्रोफाइलची लिंक, कधी दिसले, कोणी दाखवले. धमकीचा मजकूर असेल तर त्याचा स्क्रीनशॉट चालतो. चॅट आणि खाते पोलिसांनी पाहण्याआधी पुसू नये. पैशाची मागणी असेल तर एक रुपयाही देऊ नये, दिल्यावर मागणी वाढते.

पालकांना त्याच दिवशी प्रत्यक्ष बोलावून सांगा. मग पोलीस. पोक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचे बंधन आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. ‘दोन्ही घरच्यांना बसवून मिटवू’ हा अधिकार शाळेला नाही. संशयित मुलगाही अठराच्या आतला असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्याच्याकडून वर्गासमोर माफीनामा घेऊ नका, नाव जाहीर करू नका. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा, पण त्या पत्रात मुलीचे नाव नको.

चित्र काढण्यासाठी त्या अॅपमध्येच तक्रार करा. नग्न किंवा बनावट चित्राच्या तक्रारींना नियमांत तासांत मोजायची मुदत दिलेली आहे. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखालील व्यक्तींच्या अशा चित्रांसाठी आहे. चित्र फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून चित्र शोधून काढतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत त्या मुलीच्या हजेरीवर लक्ष ठेवा. तिची बाकाची जागा, येण्याजाण्याची सोबत, वर्गातली कुजबुज हे वर्गशिक्षकाने पाहायचे.

पैशाची फसवणूक असेल तर क्रम वेगळा. आधी १९३० ला फोन, नंतर बँक, मग बाकी सगळे. रक्कम, वेळ, बँकेचे नाव आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून बोला. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येतात, म्हणून मिनिटे मोजावी लागतात.

मुलांना काय सांगायचे, कुठे सांगायचे

वर्षातून एक भाषण देऊन भागत नाही. पहिली ते चौथीला दोनच गोष्टी: स्क्रीनवर भीती वाटेल असे काही दिसले तर स्क्रीन पालथी करायची आणि मोठ्यांना सांगायचे. पाचवी ते सातवीला नाव, शाळा, फोन, फोटो हे खेळातल्या अनोळखी मित्राला का द्यायचे नाही, हे त्यांच्या खेळाचीच उदाहरणे घेऊन. आठवीपासून पुढे फोटो मागणे, धमकावणे, बनावट चित्र आणि कायदा यांवर उघड बोला, मुलामुलींशी सारखेच. एआय चॅटबॉटला घरची भांडणे, पत्ता, वर्गमित्रांचे फोटो देऊ नयेत हेही याच तासात.

मूल सांगत नाही त्याचे सर्वांत मोठे कारण ‘फोन काढून घेतील’ हे आहे. जूनच्या पालकसभेत हे स्पष्ट मांडा आणि पालकांकडून एवढे कबूल करून घ्या की मुलाने स्वतःहून सांगितले तर शिक्षा म्हणून फोन जप्त होणार नाही. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारात आणि कॅमेऱ्यासमोर लावू नका. तिथे चिठ्ठी टाकताना सगळे पाहतात. सखी सावित्री समितीच्या (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या समितीच्या) महिला सदस्यांची नावे फलकावर असावीत आणि पेटी आठवड्यातून एकदा दोघांसमोर उघडावी.

प्रत्येक वर्गाच्या दारामागे, आतल्या बाजूला, हाताच्या पंजाएवढा एक कागद चिकटवा. त्यावर एवढेच: मुलांसाठी मदत १०९८, तातडीची मदत ११२, सायबर फसवणूक १९३०, मन अस्वस्थ असेल तर टेलिमानस १४४१६, आणि शाळेतल्या ज्या दोन व्यक्तींकडे जायचे त्यांची नावे. यातली एक व्यक्ती मुलांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेली असू द्या.